फोटोवरून राणी मुंगीची जात सांगणाऱ्याचं ऐकू नका

तुम्ही लिहिलंय की मिरगाच्या पहिल्या पावसानंतर दापोलीत ओटीवरच्या दिव्याखाली काळी, पंख गळालेली राणी मुंगी सापडली, लांबी साधारण दीड सेंटिमीटर, आणि जोडलेल्या फोटोवरून तिची जात हवी आहे. प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा गट, तेवढी सांगतो: कॅम्पोनोटस, म्हणजे आपले मुंगळे, डोंगळे. कमरेला एकच गाठ, वाकड्या मिशा, आकार, सगळं जुळतंय. पुढची जात मी सांगणार नाही, आणि नुसत्या या फोटोवर जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

इतकं ठासून सांगतोय, कारण या एका नावापायी आमच्या घरात भांडण झालंय. गुहागरकडे आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, फणसाचे खांब, वर सागाचे वासे आणि कौलं. एका जूनमध्ये अशीच राणी पडवीत उतरली. मी ती काचेच्या नळीत ठेवली, तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा. मुंबईचा चुलतभाऊ आला होता. त्याने मोबाईलवर फोटो काढला आणि ॲपने ताबडतोब नाव दिलं, कॅम्पोनोटस पेन्सिल्व्हॅनिकस. पुढे वाचलं तर ही मुंगी लाकूड पोखरते, अमेरिकेत घरांची नासधूस करते. हे त्याने जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. काकूने मान वर करून वाशांकडे बघितलं आणि तिचं जेवणावरचं लक्षच उडालं.

मी म्हटलं, अरे, ती उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली मुंगी. कॅम्पोनोटसच्या जगात हजाराहून जास्त जाती आहेत. इथल्या पडवीतल्या राणीला तेच नाव कशावरून? शिवाय ती लाकूड खात नाही, राहायला पोखरते, आणि आपले काळे मुंगळे तर झाडाच्या बुंध्याशी मातीत घर करतात. तर म्हणतो, "मग तू सांग नाव. लहानपणापासून मुंग्यांच्या मागे फिरतोस आणि एक नाव सांगता येत नाही?" मी म्हटलं, राणीवरून आज नाही सांगता येत, थांबावं लागेल. त्याच्या लेखी तिथेच मी हरलो.

दुसऱ्या दिवशी फवारणीवाला आला. त्याने अंगण, आगर, माडांचे बुंधे सगळं धुऊन काढलं. देवघरामागच्या भिंतीवर वाळवीची मातीची नळी वर वाशापर्यंत गेली होती, ती मी त्याला बोटाने दाखवली. तो म्हणाला, "मला मुंग्यांचं सांगितलंय, वाळवीचे पैसे वेगळे." लाकूड खरोखर जी खात होती ती तशीच राहिली आणि मुंगळे मेले. पहिल्या पावसात वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते तेव्हा तिचा फडशा पाडणाऱ्यांत हेच मुंगळे असतात. चुकीच्या नावाने काय होतं ते हे.

राणी माझ्या कपाटात होती म्हणून वाचली. छातीच्या दोन्ही बाजूंना पंख तुटल्याचे खडबडीत वण होते. अंडी घातल्यावर ती त्यांच्यावरून हलेना. नळी जरा उजेडात धरली की अख्खा पुंजका जबड्यात उचलून बोळ्याच्या ओलीकडे सरकायची. या राण्या सुरुवातीला काही खात नाहीत. उडण्याचे स्नायू आता निरुपयोगी असतात, तेच जिरवून पहिली पिल्लं पोसतात. महिना-दीड महिन्यात कामकरी निघाल्या, अगदी किरकोळ, नेहमीच्या मुंगळ्यांपेक्षा खूप लहान. त्यांच्यावरूनही जात ठरवू नये. मोठ्या डोक्याच्या कामकरी पुढच्या हंगामात आल्या, त्या भिंगाखाली घेऊन मी वर्णनं ताडून पाहिली तेव्हा नाव लिहिलं: कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, गावभर दिसणारा काळा मुंगळा. फोटो चुलतभावाला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. काकू अजून म्हणते, वेळीच औषध मारलं म्हणून वासे वाचले.

राणीवरून का जमत नाही, तर ओळखण्याच्या किल्ल्या, म्हणजे एकेक लक्षण ताडत नावापर्यंत नेणारे तक्ते, बहुतेक कामकरी मुंग्यांवरून बनवलेल्या आहेत. हिंदुस्थानातल्या मुंग्यांवर बिंगहॅमने 1903 मध्ये मोठा ग्रंथ काढला, त्याचाही मुख्य आधार कामकरीच. अनेक जातींच्या राणीचं वर्णन कुणी केलेलंच नाही. ॲपला हे ठाऊक नसतं. ज्या मुंगीचे फोटो जास्त, तिचं नाव ते पुढे करतं.

काही राण्या मात्र बघताक्षणी ओळखू येतात. हिरवट आणि दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर ती ओंबील, आंब्या-काजूवर पानं शिवून घर करणारी, मालवणीत हुमले म्हणतात ते. कमरेला दोन गाठी आणि पोट पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं असेल तर क्रेमॅटोगॅस्टर. लांबट, काळी-नारिंगी आणि दोन गाठींची असेल तर टेट्रापोनेरा, तिला हाताने धरू नका, नांगीने भयंकर डंख मारते. डायकॅम्माची राणी शोधत बसू नका, त्या मुंग्यांत राणी नसतेच, कामकऱ्यांतलीच एक अंडी घालते.

तुमच्या राणीचे आणखी फोटो काढा: बाजूने, वरून आणि तोंडासमोरून, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. पोटाच्या टोकाला भिंगातून बघा. केसांची झालर असलेलं गोल छिद्र दिसलं तर ती मुंगळ्यांच्या उपकुळातली एवढं पक्कं झालं, ओंबीलही त्यातलीच. नांगी दिसली तर मी वर लिहिलेलं सगळं रद्द समजा. रंगावर जाऊ नका, कोशातून नुकती बाहेर पडलेली राणी फिकी असते आणि फ्लॅशमध्ये काळीही तांबूस दिसते. नळी अंधारात ठेवा, रोज उघडून बघू नका.

मुंगळ्याच्या राणीसारखं सुरुवातीला काही न खाता राहणं सगळ्या मुंग्यांच्या राण्यांना जमत नाही. कमरेला एकच गाठ, नांगी आणि लांब जबडा अशी शिकारी मुंगी निघाली, उदाहरणार्थ उड्या मारणारी हार्पेग्नॅथस, तर तिला उपाशी ठेवू नका. ती स्वतः बाहेर पडून शिकार करते, नळीत मरेल. तिला छोटे किडे घालावे लागतील. आणि सांभाळायचं नसेल तर जिथे सापडली त्याच अंगणात सोडा, कुरिअरने कुणाला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवू नका.