लॅबमधल्या विंडोजला हात न लावता पेनड्राइव्हवरून लिनक्स लावून ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) शिकवता येईल का?

येईल की, आरामात. तुम्ही फोंड्याच्या हायर सेकंडरीतल्या जुन्या ४ जीबी रॅमवाल्या पीसींचं म्हणताय ना, त्यावर एक्सएफसीईवालं (हलक्या डेस्कटॉपचं) डेबियन लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स, चालेल. पेनड्राइव्ह मात्र यूएसबी ३ चे घ्या, स्वस्तातले घेतलेत तर बूट होईस्तोवर पिरियड संपतो.

आता शिकवायचं काय, तर शेड्युलिंग (सीपीयूचा वेळ प्रोग्रॅममध्ये वाटणं) पुस्तकात रटाळ वाटतं ते इथे डोळ्यांना दिसतं. 'येस' कमांड (ती न थांबता 'y' छापत राहते) दोनदा बॅकग्राउंडला सोडा, आउटपुट डेव्ह-नलमध्ये (टाकलेलं सगळं गायब करणारी फाइल) टाका, टास्कसेटने दोन्ही एकाच कोअरवर बांधा आणि टॉप (कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड) उघडा, दोघं जवळपास ५०-५० टक्के सीपीयू खाताना दिसतील. मग एकाला रिनाइस करून १० द्या (नाइसचा आकडा जितका मोठा तितका सीपीयूवरचा हक्क कमी), तो घसरून १० टक्क्यांच्या आसपास येतो आणि पोरं लगेच विचारतात सर असं का, झालं काम! फक्त दोन्ही एकाच टर्मिनलमधून सोडा हां, वेगवेगळ्या विंडोतून सोडलंत तर ऑटोग्रुपमुळे (लिनक्स प्रत्येक विंडोला वेगळा गट धरून सीपीयू वाटतं) नाइसचा फरक दिसतच नाही नि तुम्ही डोकं खाजवत बसाल.

लाइव्हमध्ये केलेले बदल रॅममध्येच असतात, रिबूट केलं की गेले. पोरांनी लाइव्ह सिस्टिमची कितीही मोडतोड केली तरी टेन्शन नाही (इन्स्टॉलरचा आयकॉन तेवढा लपवा, त्यावर क्लिक करून विंडोज उडवणारा एकतरी निघतोच). फाइली ठेवायच्या तर पर्सिस्टन्स पार्टिशन (पेनड्राइव्हवर बदल टिकवणारा वेगळा भाग) करा, पण आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल नेम नाही, म्हणून सेव्ह केल्यावर 'सिंक' (रॅममध्ये थांबलेला डेटा लगेच पेनड्राइव्हवर लिहायला लावणारी कमांड) मारायची सवय लावा, बफर कॅशचा (त्या रॅममधल्या साठ्याचा) धडा त्यातच उरकतो.