प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये दुखावलेल्या नसा पुन्हा जोडता येतात का?

तुम्ही लिहिलंय की वय ५८, सात महिन्यांपूर्वी रोबोटने प्रोस्टेट काढलं, पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरचा माग ठेवणारी रक्ततपासणी) आता नगण्य आहे, पण ताठरता अजिबात येत नाही. नसा दुरुस्त करणारं काही संशोधन निघालंय का, आणि एक क्लिनिक स्टेम सेलच्या इंजेक्शनांचे दीड लाख मागतंय ते द्यावेत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: देऊ नका. पहिल्याला जरा वेळ लागेल.

मी डॉक्टर नाही. टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. पुण्याचे रस्ते मी वरून कमी आणि खड्ड्यात बसून जास्त पाहिलेत. साडेतीन वर्षांपूर्वी माझंही प्रोस्टेट काढलं. ऑपरेशनआधी सर्जननी केसपेपरच्या मागच्या बाजूला पेनाने चित्र काढून दाखवलं. मधे अक्रोडाएवढी ग्रंथी, आणि घड्याळात पाच आणि सात वाजतात त्या दोन जागी बारीक ठिपके. म्हणाले, "या ताठरता आणणाऱ्या नसा. पण वायर समजू नका, कोळ्याचं जाळं समजा. ग्रंथीला चिकटून बसलेलं." मी सवयीने विचारलं, तुटलं तर जॉइंट मारता येत नाही का? ते हसले. का हसले ते नंतर वाचत गेलो तसं कळलं.

केबल तुटली की आम्ही दोन्ही टोकांचे रंग जुळवायचो, पेअरला पेअर लावायची, की डायल टोन हजर. नस तुटली तर तुटलेल्या जागेच्या पुढचा तंतू मरून जातो, उरते ती रिकामी नळी. मागच्या जिवंत पेशीतून नवा कोंब फुटून त्या नळीतून पुढे सरकावा लागतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तेही सगळं जुळून आलं तर. आणि पुष्कळदा नस तुटलेलीच नसते. बाजूला सारताना ताणली जाते, उष्णतेने भाजते आणि मग गप्प पडून राहते. तिला जागं व्हायला १८ ते २४ महिने लागू शकतात. तुमचे सातच झालेत. (रेडिएशन घेतलेल्यांचं उलटं असतं. तिथे रक्तवाहिन्याही खराब होतात आणि त्रास दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढतो.)

या नसा नेमक्या कुठून जातात हे १९८१ पर्यंत सर्जननाही धड ठाऊक नव्हतं. त्या वर्षी हॉलंडमधल्या लायडनला डॉ. डोंकर आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी मृत जन्मलेल्या बाळाच्या शरीरात त्यांचा माग काढला. एप्रिल १९८२ मध्ये वॉल्शनी नसा वाचवून पहिलं ऑपरेशन केलं. त्याआधी बहुतेकांच्या नसा कोणाला पत्ता न लागता कापल्या जायच्या.

मग लोकांना माझ्यासारखंच सुचलं, जॉइंट मारू. पोटरीमागून घोट्याकडे जाणारी एक नस काढून मधल्या फटीत लावायची. सुरुवातीला गाजावाजा झाला, पण २००९ साली अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर हॉस्पिटलच्या तुलनात्मक चाचणीचा निकाल आला आणि एका बाजूला नस लावून काही फायदा दिसला नाही. मेलबर्नच्या सर्जननी वेगळी वाट धरली. जुन्या मार्गाच्या नादी न लागता मांडीच्या मोठ्या नसेवरून फाटा काढायचा आणि तो थेट लिंगातल्या स्नायूत सोडायचा. आमच्या भाषेत दुसऱ्या केबलवरून टॅपिंग! २०१९ मध्ये त्यांनी १७ जणांचे निकाल छापले, त्यांतल्या ७१ टक्क्यांना वर्षभरात संबंधापुरती ताठरता आली. मला ही कल्पना सगळ्यांत आवडली, पण माणसं मोजकी आणि बाजूला तुलनेचा गट नाही.

उंदरांवरचं काम मात्र भन्नाट आहे. न्यूयॉर्कच्या आइनस्टाइन मेडिकल कॉलेजमध्ये २०२१ साली संशोधकांनी एक प्रथिन हेरलं, जे नसेच्या वाढत्या टोकाला ब्रेक लावतं. ते बनूच नये म्हणून जेलमध्ये औषध घालून दुखावलेल्या जागी लावलं, तर नसा वाढल्या आणि कामही सुधारलं. पण औषध लावलं होतं ते इजा होताक्षणी. तुमची-माझी इजा जुनी. शिवाय एरिथ्रोपोएटिन आणि टॅक्रोलिमस ही दोन औषधंही उंदरांत छान चालली होती, माणसांच्या चाचणीत दोन्ही फुकट गेली.

स्टेम सेलवर डेन्मार्क-फ्रान्समध्ये प्रामाणिक काम झालंय, पण छोट्या, सुरुवातीच्या चाचण्या आहेत त्या. आपल्याकडे आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीप्रमाणे रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. क्लिनिकला सीटीआरआयचा, म्हणजे औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारा. मी एकीकडे विचारला होता, तर काउंटरवरच्या मुलीने मला पॅकेजचं ब्रोशर दिलं.

एक बातमी तुमच्या नाही, पण सख्ख्या भावाच्या उपयोगाची (त्यांना पीएसए करायला सांगा, घरात आहे म्हटल्यावर धोका जास्त). इंग्लंडमध्ये ऑपरेशन चालू असतानाच ग्रंथीची कड गोठवून तपासतात आणि कॅन्सर कडेला नसेल तर नसा ठेवतात. २०२५ च्या निकालात वर्षभराने ३९ टक्के पुरुषांचा ताठरतेचा त्रास नाहीसा किंवा सौम्य होता, नेहमीच्या पद्धतीत २३ टक्के.

आज हातात काय आहे? सिल्डेनाफिल-टॅडालाफिलच्या गोळ्या नस वाढवत नाहीत, शाबूत नसेला मदत करतात. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट घेत असाल तर त्यांना हातही लावू नका, बीपी धाडकन उतरतं. व्हॅक्युम पंपाने रक्त खेळतं राहतं. माझा पंप आला तेव्हा वॉचमनने खोका हलवून विचारलं, "काका, मिक्सर का?" हो म्हटलं. वर ही इतकी हसली, की ऑपरेशननंतर आमच्यात बसलेला अवघडपणा त्या दिवशी पहिल्यांदा सुटला. त्यापुढे लिंगात घ्यायचं औषधाचं इंजेक्शन (स्टेम सेलचं नव्हे), आणि शेवटी लिंगात बसवायचं इम्प्लांट, त्याला नसेची गरजच लागत नाही.

माझ्या नसांची एक बाजू वाचली होती. चौदाव्या महिन्यात पहिल्यांदा सकाळी काहीतरी जाणवलं, आता गोळी घेऊन भागतं.

तुमच्या किती बाजू वाचल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अडतं. डिस्चार्ज कार्डावर ते सहसा नसतं. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून ऑपरेशन नोट मागा, आणि तिच्यात 'नर्व्ह स्पेअरिंग' या शब्दांपुढे दोन्ही, डावी, उजवी की काहीच नाही, ते बघा.