मोबाईल चोरणारा पोरगा तुरुंगात सडतो आणि बँक बुडवणारे सुटतात, असं का होतं?

कायद्याचं पुस्तक उघडलंत तर उलटं दिसेल. पहिल्या साध्या चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षं, आणि बँकरने केलेल्या विश्वासघाताला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. जुन्या दंड संहितेत असंच होतं, नव्या न्याय संहितेतही तसंच आहे. तफावत पडते ती निकालाच्या आधी.

मी फौजदारी कोर्टात वकिली करते. मोबाईल चोरीतल्या पोराला जामीन मंजूर होतोही, पण जामीनदार कुठून आणणार? रेशन कार्ड, पगाराची स्लिप, ऐपतीचा दाखला घेऊन त्याच्यासाठी उभं राहणारं कुणी नसतं. मग तो कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला कैदी म्हणून आतच राहतो. देशातले सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे आहेत. काही महिन्यांनी तो गुन्हा कबूल करून टाकतो, कारण 'भोगली तेवढी शिक्षा' धरून लगेच सुटका होते. चोरी त्यानेच केली का, हे कुणी तपासलेलंच नसतं. पुढे वस्तीत काहीही गेलं की पोलीस आधी त्याच्याच दारात. मला याचा फार संताप येतो.

आता पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक घ्या. एचडीआयएल या बांधकाम कंपनीला दिलेलं साडेसहा हजार कोटींच्या घरातलं कर्ज 21,049 बनावट खात्यांआड लपवल्याचा आरोप आहे. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती. प्रमुख आरोपींना अटक झाली, हे मान्य. मनी लाँडरिंगच्या कायद्यात जामीनही सहज मिळत नाही. पण दोषारोपपत्रच 32,000 पानांचं! अशा खटल्यात प्रत्येक जण म्हणतो, वरून फाईल आली, मी सही केली. फसवण्याचा हेतू कुणाचा, हे कागदांवरून शाबित करायला वर्षं जातात, आणि प्रत्येक तारखेला मोठा वकील उभा करायची आरोपींची ऐपत असते. 2022 मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि 5 लाखांवरच्या ठेवी 10 वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. सत्तरीच्या माणसाने निवृत्तीच्या पैशांसाठी एवढं थांबायचं?

तुमच्या ओळखीचं कुणी जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत असेल, तर एक लक्षात ठेवा. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2023 चा आदेश आहे. वकिलाला तो दाखवून आजच अर्ज करायला लावा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.