अ‍ॅपचा सोर्स कोड गिटहबवर (कोड ठेवायची साइट) सगळ्यांना खुला टाकून तेच अ‍ॅप प्ले स्टोअरवर विकणं बरोबर आहे का? लायसन्स कोणतं घ्यावं?

विकता येतं. जीपीएल घ्या नाहीतर एमआयटी (दोन्ही खुल्या कोडची लायसन्सं), किंमत किती लावायची यावर बंधन नाही. कॅलेंडर आणि संपर्क सिंक करणारं डाव्हएक्स५ हे अ‍ॅप जीपीएलचंच आहे. प्ले स्टोअरवर पैसे मोजावे लागतात, एफ-ड्रॉइड या खुल्या अ‍ॅप्सच्या स्टोअरवर फुकट मिळतं. कॉन्व्हर्सेशन्स या चॅट अ‍ॅपनेही वर्षानुवर्षं तेच केलं.

पण तुम्ही ‘बरोबर आहे का’ असं विचारलंत म्हणून लिहायला बसलो. हाच प्रश्न माझा मेहुणा मला चार वर्षं विचारतोय. त्याच्या भाषेत, ‘अन्नछत्र उघडायचं आणि दारात ताटाचे पैसे मागायचे.’

माझं अ‍ॅप गावच्या दूध संस्थांसाठी आहे. सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) टाकायचं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल. किंमत १९९ रुपये. कोड पहिल्या दिवसापासून खुला, लायसन्स एमआयटी, कारण ते सगळ्यात छोटं होतं आणि मला वाचायचा कंटाळा होता.

सहा-सात महिन्यांनी, महिन्याच्या दोन तारखेला, एका अनोळखी सचिवांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. ‘एकतीस तारखेचं दूध कुणी प्यायलं?’

मला घाम फुटला, कारण ही चूक माझीच होती. पहिल्या आवृत्तीत तिसरं बिलही मी दहाच दिवसांचं धरलं होतं, २१ ते ३०. एकतीसचा महिना आला की शेवटच्या दिवसाचं दूध हिशोबातून गायब. पण ती चूक दुरुस्त करून तीन महिने झाले होते. अपडेट करा म्हटलं, तर म्हणाले अपडेट आलेलंच नाही. स्क्रीनशॉट मागवला. वर जाहिरातीची पट्टी, चिन्ह माझंच पण निळं केलेलं, नाव माझंच, फक्त पुढे ‘प्रो’ लावलेलं. कुणीतरी जुना कोड उचलून फुकट अ‍ॅप चढवलं होतं. ‘वजावट’ मी घाईत ‘वजवाट’ लिहिलं होतं, तेही तसंच. आणि ‘संपर्क’च्या पानावर माझा मोबाइल नंबर! त्या आठवड्यात असे अकरा फोन घेतले.

तक्रार तरी कसली करणार? एमआयटीची अट एवढीच की कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर ठेवा. ते त्याने ठेवलं होतं. चिन्हाची फाइलही मीच कोडच्या त्याच फोल्डरात टाकलेली, म्हणजे तीही दिल्यासारखीच. हातात उरलं फक्त नाव. नावावरून तक्रार केली, ते अ‍ॅप उतरलं, आणि दुसऱ्या नावाने परत आलं. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

मेहुणा म्हणाला, ‘कोड बंद ठेवला असतास तर?’ बंद अ‍ॅपच्याही एपीके (इन्स्टॉल करायच्या फाइल) उघडून जाहिराती घालून फिरवतातच. आणि ती एकतीस तारीख मला कुणी दाखवली? एका कॉलेजच्या मुलाने, कोड वाचून. दुरुस्तीही त्यानेच पाठवली. बंद ठेवलं असतं तर मी आजही ते दूध पीत बसलो असतो. त्या चिडलेल्या सचिवांचं बिल मी फोनवरच जुळवून दिलं, आणि पुढच्या दहा दिवसांत त्यांनी माझं १९९ वालं घेतलं. ते पैसे कोडचे नव्हते, फोन उचलणाऱ्याचे होते. मेहुण्याला हे अजून पटलेलं नाही. दिवाळीत पुन्हा विषय निघेल.

तर लायसन्स. आता मी जीपीएल ३ वापरतो. त्याने नक्कल थांबत नाही, पण नक्कल वाटणाऱ्याला स्वतःचा बदललेला कोडही द्यावा लागतो. ‘बदललेलं अ‍ॅप वेगळं ओळखू आलं पाहिजे, आमचं नाव वापरायचं नाही’ असं जीपीएलच्याच कलम ७ खाली जोडता येतं, ते जोडाच. नाव आणि चिन्ह लायसन्समध्ये येत नाही हे स्पष्ट लिहा. ‘विकायला मनाई’ असलं काही घातलंत तर ते ओपन सोर्स राहत नाही.

प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच २५ डॉलर, माझ्या विक्रीतून १५ टक्के कापतात. एकदा फुकट ठेवलेलं अ‍ॅप त्याच पॅकेज नावाने (स्टोअर अ‍ॅप ज्यावरून ओळखतं ते आतलं नाव) पैशाचं करता येत नाही. मी हौसेने आठवडाभर फुकट ठेवलं होतं, मग नव्या नावाने सगळं पहिल्यापासून. एफ-ड्रॉइड अ‍ॅपवर सहसा स्वतःच्या किल्लीने डिजिटल सही करतं, सही वेगळी म्हणून तिथलं अ‍ॅप काढल्याशिवाय प्ले स्टोअरचं बसत नाही. बॅकअपची सोय आधी करा, नाहीतर सचिव घरी येतील.

हे सगळं अँड्रॉइडचं. आयफोनवर जीपीएलचं अ‍ॅपलच्या अटींशी जमत नाही. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर २०११ मध्ये त्यावरूनच उतरलं, लायसन्स बदलून २०१३ मध्ये परत आलं, आणि त्यासाठी कोड लिहिलेल्या माणसांची संमती गोळा करावी लागली. तिकडे जायचं मनात असेल तर दुसऱ्याचा कोड घेण्याआधीच लायसन्स बदलायची लेखी परवानगी घ्या. वर अ‍ॅपलच्या नोंदणीचे वर्षाला ९९ डॉलर. माझ्या सचिवांपैकी एकाकडेही आयफोन नाही, त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही.