महिला मंडळाच्या ग्रुपवर स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी गुलाबी फितीचा डीपी ठेवून काही उपयोग होतो का?

नुसत्या डीपीने नाही. जानेवारी २०१० मध्ये याच जागृतीसाठी म्हणून फेसबुकवर बायकांनी ब्राचा फक्त रंग लिहिला, कॅन्सरचं नावही नाही. पाहणाऱ्यांना कोडंच पडलं. फितीचंही तसंच. अमेरिकेतल्या शार्लट हेली यांची मूळ फीत पीच रंगाची, कॅन्सरच्या प्रतिबंधासाठी जास्त सरकारी पैसा मागणारी. बाजारू वापराला त्यांनी नकार दिला, तेव्हा १९९२ मध्ये रंग बदलून ती मेकअपच्या काउंटरवर आली!

टाकायचंच तर हे टाका, बेळगावात मराठीबरोबर कन्नडमध्येही: स्तनातली कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच बाई अंगावर काढते. कातडी संत्र्याच्या सालीसारखी, बोंड नव्याने आत ओढलेलं, त्यातून रक्त, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं की डॉक्टरला दाखवायचं. पाळी सुरू झाल्यावर ७ ते १० दिवसांनी, तीन बोटांच्या पेरांनी, काखेपर्यंत चाचपायचं. बोटांच्या टोकांनी चिमटून बघितलं तर सगळीकडेच गाठी लागतात आणि उगाच घाबरायला होतं. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात विचारा, तिथे तपासणीची सोय असते.

‘काळ्या ब्रामुळे कॅन्सर होतो’ हा फॉरवर्ड आलाच तर तो खोटा आहे, असं तिथल्या तिथे लिहा. खानापूर-निपाणीकडे ग्रुपवर नसलेल्या बायकांसाठी संक्रांतीच्या वाणाबरोबर हाच मजकूर छापून द्या.