एनडीएचे कोर्समेट चाळीस वर्षांनीही एकमेकांना धरून कसे असतात?

तुम्ही विचारलं आहे की एनडीएतून, म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, बाहेर पडून तीस-चाळीस वर्षं झाली तरी हे कोर्समेट, म्हणजे एकाच कोर्सचे (तुकडीचे) सोबती, एकमेकांना धरून कसे असतात, आणि तुमचा इंजिनिअरिंगचा ग्रुप मात्र पाच वर्षांतच कसा पांगला. मी स्वतः खडकवासल्याला शिकलेले नाही. आमच्या वेळी मुलींना तिथे प्रवेशच नव्हता. मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये आत गेली आणि 2025 च्या मे महिन्यात पास आउट झाली. पण माझा नवरा ऐंशीच्या दशकात तिथून बाहेर पडला, आणि लग्न झाल्यापासून त्याच्या कोर्सबरोबरही माझा संसार चालू आहे. हे उत्तर त्या घरातून लिहिते आहे.

एकत्र हालअपेष्टा काढल्या म्हणून मैत्री घट्ट झाली, असं सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण हाल तर पुष्कळांनी एकत्र काढलेले असतात आणि तरी पुढे ओळख राहत नाही. इतकी वर्षं जवळून पाहून माझं मत असं झालं आहे की कोर्स टिकतो, कारण कोर्सला सतत काहीतरी काम असतं.

आधी तो तयार कसा होतो ते सांगते. प्रवेशाची यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा, त्यामुळे दर सहा महिन्यांनी नवा कोर्स येतो. प्रत्येक कोर्सला नंबर असतो आणि तो जन्मभर चिकटतो. अनोळखी दोन माजी अधिकारी भेटले की नाव-गावाच्या आधी विचारतात, कोणता कोर्स, कोणती स्क्वाड्रन. स्क्वाड्रन म्हणजे एकत्र राहणाऱ्या मुलांचा गट. अल्फा, ब्राव्हो करत रोमिओपर्यंत अठरा स्क्वाड्रन, आणि प्रत्येकीत तीन वर्षांतल्या सहाही टर्मची मुलं एकत्र राहतात. म्हणजे आपल्या कोर्सची वीस-पंचवीस पोरं आणि डोक्यावर पाच टर्मचे सीनियर. एकाचा बूट चमकला नाही की रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, सगळ्या कोर्सला. पट्टी परेड नावाचा एक प्रकार असतो: सीनियर घड्याळ लावून उभा, आणि पीटीच्या कपड्यांतून ड्रिलच्या, ड्रिलमधून मुफ्तीच्या (साध्या, नागरी कपड्यांच्या), पुन्हा उलट, असं काही मिनिटांत बदलून खाली रांगेत फॉल-इन व्हायचं. सगळे आल्याशिवाय कोणाचीच सुटका नाही. त्यामुळे स्वतःचं आवरलेला मुलगा दुसऱ्याच्या अँकलेटचे पट्टे ओढत बसतो. क्रॉस कंट्रीचंही तसंच. पहिला कोण आला याला महत्त्व असतंच, पण स्क्वाड्रनच्या गुणांत प्रत्येकाचा नंबर धरतात, म्हणून मागे पडलेल्याला हाताला धरून ओढत आणण्यात सगळ्यांचाच स्वार्थ असतो. माझ्या नवऱ्याला असाच एक जण ओढत आणायचा. आज दोघेही साठीच्या पुढे आहेत आणि सकाळी वानवडीत चालायला जातात तेव्हाही तोच पुढे असतो.

कोणी एखाद्या टर्मला नापास झाला किंवा दुखापतीने मागे राहिला तर तो रेलिगेट होतो, म्हणजे सहा महिन्यांनी मागच्या कोर्समध्ये जातो. बाहेरच्याला वाटेल, तो आता यांच्यातून गेला. होतं उलटंच. ज्या कोर्सबरोबर आला तेही त्याला आपला म्हणतात आणि ज्यांच्याबरोबर पास आउट झाला तेही. आमच्या ओळखीच्या अशा एकाला दोन्ही कोर्सची वर्गणी भरावी लागते, आणि तो दोन्हीकडे हौसेने भरतो.

तीन वर्षांनी मात्र सगळे पांगतात, आणि तुमच्यापेक्षा जास्त पांगतात. कोणी डेहराडूनला आयएमएत, कोणी हैदराबादजवळ दुंडिगलला एअर फोर्स अकादमीत, कोणी नौदलात. नंतर तर पत्ता म्हणजे युनिटचं नाव आणि खाली सैन्याच्या टपाल कार्यालयाचा नंबर, ‘56 एपीओ’ किंवा ‘99 एपीओ’. माणूस नेमका कोणत्या गावी आहे, ते पाकिटावरून कळायचं नाही. मोबाइल नव्हते. सैन्याच्या एक्स्चेंजवरून एकेक ऑपरेटर पुढच्याला जोडत जायचा आणि शेवटी पलीकडून आवाज आला तर तो विहिरीतून आल्यासारखा.

त्या काळात मैत्री टिकली ती रेल्वे स्टेशनांवर, असं मला वाटतं. युनिट एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचं तेव्हा मिलिटरी स्पेशल गाडी असायची. तिला वेळापत्रक असं नाहीच. पॅसेंजर, मालगाडी, सगळ्यांना वाट देत ती दिवसचे दिवस चालायची. वाटेतल्या प्रत्येक छावणीत कोणी ना कोणी कोर्समेट असायचाच आणि त्याच्या घरून जेवण यायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही झाशीला होतो. नवरा गोळीबाराच्या सरावाला रेंजवर गेलेला. एक्स्चेंजवरून निरोप आला की अमुक कोर्समेट आज रात्री जातोय. मी या माणसाला कधी पाहिलेलं नव्हतं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, सासूबाईंनी दिलेलं लिंबाचं लोणचं असं चार पुडांच्या डब्यात भरून स्टेशनवर गेले, तर गाडी प्लॅटफॉर्मवर न येता यार्डात थांबलेली. एका हमालाने कंदील धरला आणि रूळ ओलांडून मी डब्याडब्यावर नाव विचारत गेले. तो खाली उतरला, माझ्या हातातून डबा घेतला, आधी त्याच्या जवानांचं जेवण झालंय का ते विचारून आला, मग तिथेच पायरीवर बसून जेवला. बोलणं असं काही झालंच नाही, गाडी सुटली. डबा अर्थात त्याच्याबरोबर गेला आणि पुढे केव्हातरी पठाणकोटहून आलेल्या तिसऱ्याच कोर्समेटने आणून दिला. तोवर मी स्वतः अशाच कितीतरी जणींचे डबे सांभाळून ठेवले होते.

आता अवघड भाग. फौजेत लेफ्टनंट कर्नलपर्यंत माणूस वर्षांच्या हिशेबाने पोहोचतो. कर्नल व्हायला सिलेक्शन बोर्ड, म्हणजे बढतीसाठी निवड करणारं मंडळ, असतो, आणि तिथून पुढे जागा भराभर कमी होत जातात. एकाच दिवशी, एकाच बोर्डात, एकाच कोर्सचे लोक पास आणि नापास होतात. चाळिशीच्या आतबाहेर हे होतं. तोपर्यंत सगळे सारखे असतात. त्यानंतर एकाच्या गाडीवर झेंडा आणि तारे येतात, आणि त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपलेला मित्र त्याला चारचौघांत ‘सर’ म्हणतो. कोर्स तुटायचा असेल तर इथे तुटतो. बोर्डात मागे राहून गेलेल्यांपैकी काही जण गेट-टुगेदरला यायचे बंद झाले, पोस्टिंग कळवेनासे झाले. बायकांमध्येही अवघडलेपण येतं. कोणाशी काय बोलावं कळत नाही. आमच्या कोर्समध्ये हे सांभाळलं ते कोर्स सेक्रेटरीने. तो स्वतः बोर्डात मागे राहिलेला होता. तो दर महिन्याला ठरवून अशाच लोकांना फोन करायचा, बोर्डाचा विषय न काढता: मुलाची बारावी, आईचा गुडघा, पुण्यात फ्लॅट घेतलास का. पुढे मेजर जनरल झालेल्या एकाने कोर्सच्या पार्ट्यांना हुद्द्याने हाक मारायची नाही असा दंडकच घालून दिला. अकादमीत ज्याचं नाव ‘बोकड’ पडलं होतं तो आजही बोकडच आहे, आणि त्याच्या सुनेलाही ते माहीत आहे.

कोर्सचा अभिमान म्हटला की लोक मोठी नावं सांगतात. ती आहेतही. 1949 मध्ये डेहराडूनला (अकादमी तेव्हा तिथे होती) सुरू झालेल्या पहिल्याच कोर्समधले जनरल रॉड्रिग्ज, अॅडमिरल रामदास आणि एअर चीफ मार्शल सुरी हे तिघे 1991 मध्ये एकाच वेळी तिन्ही दलांचे प्रमुख होते. 2019 च्या शेवटी आपल्या पुण्याचे जनरल नरवणे लष्करप्रमुख झाले तेव्हा पुन्हा तसंच झालं: नौदलाचे करमबीर सिंग आणि हवाई दलाचे भदौरिया, तिघेही 56 व्या कोर्सचे. मला याचं कौतुक आहेच. पण कोर्स कसा आहे हे मी दुसऱ्या टोकाला पाहून ठरवते. प्रशिक्षणातच जबर जखमी होऊन ज्यांना कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळण्याआधी घरी जावं लागलं, त्या मुलांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. काही जण आयुष्यभर व्हीलचेअरवर आहेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली आणि त्यांना ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतले, उपचार मिळायला लागले. त्याआधीची सगळी वर्षं अशा कितीतरी मुलांची फिजिओथेरपी आणि औषधं त्यांच्या कोर्समेटनी वर्गणी काढून केली. सरकारच्या यादीत जो नव्हता तो कोर्सच्या यादीत होता.

आणि जे गेले ते. खडकवासल्याला हट ऑफ रिमेंबरन्स आहे, कॅडेट्सनी स्वतः श्रमदान करून बांधलेली. कामी आलेल्या माजी कॅडेट्सची नावं तिथे आहेत. कोर्स रौप्यमहोत्सवाला किंवा सुवर्णमहोत्सवाला जमला की सगळ्यात आधी तिथे पुष्पचक्र वाहतात. परेडचं मैदान 38 व्या कोर्सच्या अरुण खेत्रपालच्या नावाने आहे. कमिशन मिळून सहा महिनेच झाले होते, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये होता, 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत गेला, वय एकवीस. त्याचे कोर्समेट आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.

आमच्या कोर्समधला एक जण काश्मीरमध्ये गेला तेव्हा त्याची मुलगी चालायलाही लागली नव्हती. त्या वेळी सगळेच धावले, ते कोणीही करतं. मी सांगते आहे ते नंतरचं. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्याची वेळ आली की नागपूरचा एक कोर्समेट त्याच्या बायकोकडे जातो. पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत गेली तेव्हा तिच्या नावाचं स्पेलिंग पीपीओत (पेन्शनच्या आदेशपत्रात) एक आणि आधारवर एक निघालं. तो तिच्या जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडून बसला, चष्मा कपाळावर, आणि एकेक अर्ज भरून सहीपुरता तिच्यापुढे सरकवत राहिला. ते काम होईपर्यंत तो परत परत गेला. ती कोर्सच्या ग्रुपवर स्वतःच्या नावाने आहे. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिने फक्त तारीख टाकली. मेसच्या खोल्या, स्टेशनवरून पाहुणे आणणं, सगळं आपापसांत वाटून झालं. कन्यादानाला कोण बसणार यावरून मात्र भांडण झालं. शेवटी तिच्या आईनेच केलं, आणि ते मला फार बरं वाटलं.

म्हणून तुमच्या ग्रुपबद्दल विचाराल तर मी सांगेन, गेट-टुगेदरचा घाट एवढ्यात घालू नका. आधी एक माणूस नेमा, ज्याला फोन करायचा कंटाळा नाही. सगळ्यांची यादी करू द्या, नापास झालेले आणि मध्येच सोडून गेलेले धरून. बायका-नवऱ्यांचे नंबरही त्यात घ्या, कारण पुढे फोन त्यांनाच करावा लागतो. थोडी वर्गणी ठेवा आणि कोणाच्या तरी खऱ्या अडचणीला ती वापरा. ज्याचा पत्ता लागत नाही त्याच्या गावातल्या भावाला, जुन्या घरमालकाला विचारा. आमच्या सेक्रेटरीने एकाला त्याच्या सासुरवाडीच्या किराणा दुकानातून शोधून काढलं होतं.