'कॉन्ट्राबँड'मध्ये दाखवलेली जहाजावरची तस्करी खरी वाटते का? सिनेमा बघावा का?

बघा. पहिला तास तर जागचं हलू देत नाही. तस्करीबद्दलही सांगतो, पण आधी मेहुण्याबद्दल बोलू द्या, कारण त्या सिनेमातली सगळी आग मेहुण्यानेच लावलीय.

मार्क वॉलबर्ग तस्करी सोडून घरांना अलार्म बसवण्याचा सरळ धंदा करत असतो. बायकोचा धाकटा भाऊ मात्र जहाजावरून माल आणतो आणि कस्टमची धाड पडताच पाण्यात फेकतो. ज्याचा माल तो पैशासाठी दारात, बायको-पोरांच्या जिवावर उठलेला. मग मेहुण्याची देणी फेडायला हा पुन्हा जहाज धरतो, न्यू ऑर्लिन्सहून पनामाला, खोट्या नोटा आणायला. लोक म्हणतात, काय कुटुंबवत्सल माणूस! मी म्हणतो, मूर्ख.

मी कंटेनर जहाजावर थर्ड इंजिनिअर होतो. बायकोच्या भावाला माझ्याच शब्दावर त्याच जहाजावर वायपर, म्हणजे इंजिनरूममधला साफसफाईवाला, म्हणून घेतलेलं. पनामातल्या कोलोनहून न्यू ऑर्लिन्सला निघालो होतो. साउथवेस्ट पासला, म्हणजे मिसिसिपी नदीच्या मुखाशी, जहाजाला वाट दाखवणारा पायलट चढायला आठ-नऊ तास उरले असताना प्युरिफायर रूमचा (तिथे इंजिनाचं तेल गाळून साफ होतं) बिल्ज अलार्म, म्हणजे तळाशी पाणी साचल्याचा इशारा, वाजायला लागला. खाली वाकलो, तर जमिनीवरच्या एका लोखंडी फ्लोअर प्लेटचे स्क्रू चकाकत होते. बाकी सगळ्या स्क्रूंवर रंगाचा नि तेलाचा थर, या चारांच्या खाचा मात्र घासून लख्ख. प्लेट उचलली. काळ्या कचऱ्याच्या पिशव्या, टेपने करकचून गुंडाळलेल्या. आत सिगारेटचे कार्टन. साठ मोजले. एक पिशवी घसरून अलार्मच्या फ्लोटखाली (पाणी वाढलं की वर येणारा तरंगता गोळा) अडकली होती, म्हणून अलार्म. लपवायचीसुद्धा अक्कल नाही!

माल कोणाचा हे कळायला पाच मिनिटं पुरली. "दाजी, प्लेट लावून टाका ना. तुम्ही काही बघितलंच नाही."

मी उलट्या बादलीवर बसून राहिलो. समुद्रात टाकून द्यावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी चीफ इंजिनिअरला उठवलं. चीफने कॅप्टनला. कार्टन बॉण्डेड स्टोअरमध्ये, म्हणजे जहाजावरच्या करमुक्त मालाच्या कुलूपबंद खोलीत, सील झाले, कागदावर आले. कस्टमवाल्यांनी आकडा जुळवला, सील बघितलं, कॉफी प्यायले आणि उतरले. तेच प्लेटखाली मिळाले असते तर दंड कॅप्टनच्या डोक्यावर आणि प्युरिफायर ज्याच्याकडे त्याची, म्हणजे माझी, उलटतपासणी. मेहुणा तिथूनच साइन ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरची नोकरी संपवून, घरी गेला.

तेव्हापासून सासरी मी 'घरच्या पोराची चुगली करणारा'. सासूबाईंचं एकच पालुपद, सांभाळून घ्यायचं असतं. अहो, सांभाळूनच घेतलं! साठ कार्टन पचले असते तर पुढच्या खेपेला प्लेटखाली काय निघालं असतं? वॉलबर्गने पहिल्याच दिवशी त्या पोराला कान धरून पोलिसांकडे नेलं असतं तर बायकोवर ती वेळच आली नसती. ज्याला मेहुणा आहे त्याने हे लिहून ठेवा.

हां, तुमचा प्रश्न. सिनेमात सगळा खेळ खलाश्यांचा आहे. खऱ्या जगात कंटेनरमधून कोकेन जातं तेव्हा खलाश्यांना बऱ्याचदा पत्ताही नसतो. बंदरातलाच कोणी सील तोडतो, दारामागे दोन-चार बॅगा टाकतो, नकली सील ठोकतो. उतरवायच्या बंदरात तसाच कोणीतरी काढून घेतो. रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरच्या मशिनच्या कप्प्यात, कधी जहाजाच्या बुडाला पाण्याखालून बांधूनही माल जातो. खलाशी सामील नसतात असं मात्र नाही. 2019 च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाला एका कंटेनर जहाजात जवळपास 20 टन कोकेन सापडलं. ते भर समुद्रात रात्री छोट्या होड्यांमधून जहाजाच्याच क्रेनने वर घेतलं होतं, आणि घेणाऱ्यांत चीफ ऑफिसरसुद्धा होता. म्हणजे सिनेमा अगदीच हवेत नाही.

हवेत आहे तो पनामाचा प्रसंग. जहाज धक्क्यावर आदळतं आणि हे लोक निवांत शहरात धुमाकूळ घालून परत येतात! अहो, नुसता धक्का खरवडला तरी एजंट, नुकसान तपासणारा सर्व्हेअर, बंदराचे अधिकारी अशी वरात जहाजावर चढते. जबाब देऊन देऊन जीव जातो, इंजिनवाल्यांचा तर आधी. नोटांचा कागद बघून नायक माल नाकारतो ते मात्र झकास. डॉलरचा कागद कापूस आणि लिननचा, त्यात स्टार्च नसतो. साध्या कागदात असतो, म्हणून आयोडीनचं पेन फिरवलं की खोटी नोट काळी पडते.

जमलं तर मूळ आइसलँडचा 2008 चा 'रेकयाविक-रॉटरडॅम'ही बघा. त्यात नायक झालेल्या बाल्टासार कोर्माकुरनेच हा इंग्रजी सिनेमा दिग्दर्शित केलाय.

आता कबूल करायला हवं, माझ्या पोरांच्या डोक्याला कोणी पिस्तूल लावलं नव्हतं. प्रश्न सिगारेटचा होता, कोकेनचा नाही. तशी वेळ आली असती तर मी काय केलं असतं, देव जाणे.

सिनेमा बायकोबरोबर बघितला. मेहुणा माल पाण्यात फेकतो तिथे मी न राहवून म्हटलं, "बघ!" ती म्हणाली, "बघतेय. पण हा त्याच्यासाठी पनामाला गेला." आणि उठून आत गेली. पुढचा सिनेमा मी एकट्याने बघितला.